नववा रकाना

माझ्याकडे लाल रंगाचा डबा आहे आणि एक ब्रश,
ज्याचे निम्मे केस मागच्या वस्तीवरच झडले.
मी शेळीच्या पाठीवर फुली मारतो.
फुली म्हणजे, ही आता सरकारची.

चल्बीच्या काठाला सकाळी सातलाच
मीठ डोळ्यांवर येतं.
मार्साबितहून ट्रक निघाला म्हणतात.
म्हणतात, म्हणजे निघाला असेल.
तोवर रांग. माणसं सावलीत आहेत,
रांगेत शेळ्या;
उभ्या राहू शकतात त्या उभ्या,
बाकीच्यांना पोरांनी काखेत धरलंय
दप्तरासारखं.

नियम सोपा आहे.
मरायच्या आत आणली तर तीन हजार शिलिंग, फोनवर.
वाटेत मेली तर काही नाही.
म्हणून गुयो वारिओ काल रात्रभर चालला
बोकड खांद्यावर घेऊन,
आणि बोलत राहिला इकडचं तिकडचं, झोप लागू नये म्हणून.
दोघांपैकी कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.

मागच्या वर्षी विमा होता.
विम्याचा माणूस म्हणाला, शेळ्या मोजायला नकोत,
वरून उपग्रह चारा मोजतो.
उपग्रहानं मोजलं. हिरवं निघालं.
हिरवं होतंच की,
झऱ्यापासून धावपट्टीपर्यंत नुसती वेडी बाभूळ,
जिच्या शेंगांनी शेळ्यांचे दात किडतात,
जिचा काटा ट्रकच्या टायरलाही पुरून उरतो.
एवढ्या उंचीवरून काटा दिसत नाही.
पैसे आले नाहीत, मेसेज आला:
आपल्या भागात चराई समाधानकारक आहे.
कबाले एलेमानं तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला
आणि म्हणाली, अक्षर छान आहे.

आज तिच्या चार.
तिघींना दोर होता. चौथी काळी, चिरलेल्या कानाची,
नुसती मागे मागे आली.
काट्यावर तेरा किलो.
सोळाच्या खाली घेत नाहीत. मी सोळा लिहिलं.
आठ रकाने भरले, शेवटी अंगठा.

दुपारी कापतात.
मांस इथल्याच घरांना, ओळखपत्र दाखवून.
म्हणजे ज्याची शेळी त्यालाच शेळी,
मधे एक सही.
कबाले दोन किलो घेऊन गेली
आणि परत आली.

मला वाटलं, वजनाची तक्रार.
"कातडं?"
कुठलं?
"काळं. पैसे शेळीचे दिलेत. मांस मला दिलंत.
मग कातडं कुणाचं?"

मी अर्ज उलटा करून पाहिला.
मागे कोरा होता.
साहेबांना फोन लावला; म्हणाले, लेखी विचारा.
डॉक्टर म्हणाले, चुना टाकून पुरायचं.
ड्रायव्हर म्हणाला, कातडी मी नेतो,
दर वेळी नेतो, कुणी विचारत नाही.

कुणी विचारलं नव्हतं, हे खरं.

ती बसून राहिली.
तिच्या तळव्याला लाल लागला होता, माझाच,
फुली ओली असताना पाठीवर हात ठेवला असणार.

मग मी पट्टी काढली.
आठव्या रकान्याच्या पलीकडे समासात रेघ ओढली,
वर लिहिलं, कातडं,
आणि खाली, तिच्या ओळीपासून सुरुवात करून,
एकशे चौपन्न वेळा: मालकाकडे.
बोट दुखायला लागलं तेव्हा उजेडही संपला होता.

मार्साबितला कुणीतरी हा कागद उघडेल,
रेघ वाकडी आहे म्हणेल.
ड्रायव्हर माझ्याशी बोलत नाही.
उद्या पुढची वस्ती. रंग तळाला गेलाय,
पाणी घालून पुरवीन, फुली फिकी उठेल.

निघताना झोपड्यांपुढे कातडी ताणलेली होती,
चार कोपऱ्यांना चार दगड.
तिचं कोणतं ते शोधलं.
अंधारात सगळीच काळी.